बी निघाली प्रवासाला

पहिला पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की एखाद्या मोठ्या कडुनिंबाखाली जाऊन पाहा. गळून पडलेल्या निंबोळ्यांतून उगवलेली शेकडो रोपे तेथे दाटीवाटीने उभी असलेली दिसतील. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौकोन दोरीने आखा, त्यातील रोपे मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पुढील वर्षी मे महिन्यात त्याच चौकोनातील रोपे पुन्हा मोजा. बहुतेक रोपे नाहीशी झालेली आढळतील. जी उरली असतील त्यांचीही वाढ खुंटलेली असेल. मोठ्या झाडाच्या सावलीतच दुसरे मोठे झाड तयार झाले, असे क्वचितच पाहावयास मिळते.

असे का व्हावे? पहिले कारण उघड आहे. वरच्या पानांनी गाळून घेतल्यावर उरलेला प्रकाशच या रोपांच्या वाट्याला येतो. जमिनीतील पाणी व क्षार मोठ्या झाडाच्या मुळ्या आधीच ओढून घेतात. शिवाय शेकडो भावंडे एकाच घासासाठी झगडत असतात. दुसरे कारण इतके उघड नाही. डॅनियल जॅन्झन या शास्त्रज्ञाने १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली स्वतंत्रपणे ते मांडले. प्रत्येक जातीच्या झाडावर जगणारे काही ठरावीक किडे व बुरशी असतात. मोठ्या झाडाजवळ त्यांची वस्ती कायमचीच असते. त्यामुळे झाडाच्या पायथ्याशी पडलेल्या बिया व कोवळी रोपे त्यांच्या तावडीत सहज सापडतात. दूर गेलेली बी मात्र वाचण्याची शक्यता अधिक असते.

सारांश, बीने आईपासून दूर गेलेच पाहिजे. पण जायचे कसे? वनस्पतीला पाय नाहीत, पंख हलवायला स्नायू नाहीत. एकदा मूळ धरले की तिला जन्मभर त्याच जागी उभे राहावे लागते. आयुष्यात प्रवासाची संधी तिला एकदाच मिळते, ती म्हणजे बीच्या अवस्थेत. हा प्रवास कसा घडतो हे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ‘बीजप्रसार’ या मथळ्याखाली तुम्ही वाचलेच असेल. आज आपण त्याच गोष्टीकडे पदार्थविज्ञानाच्या बाजूने पाहू.

शिदोरी आणि ओझे

फुलातील परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडतो, त्यातून निघालेली नलिका बीजांडापर्यंत पोहोचते, फलन होते आणि बीजांडाची बी बनते. बीमध्ये तीन गोष्टी असतात : एक इवलासा गर्भ, त्याच्यासाठी साठवलेले अन्न आणि बाहेरचे कवच. साठवलेले अन्न म्हणजे बीची शिदोरी. पहिली पाने उघडून स्वतःचे अन्न तयार करता येईपर्यंत रोपाला या शिदोरीवरच जगायचे असते. शिदोरी जितकी मोठी, तितके रोप अधिक दिवस तग धरू शकते. दाट सावलीत किंवा कोरड्या जमिनीत तिचे महत्त्व फारच वाढते.

पण शिदोरी म्हणजे ओझेही. जड बी झाडावरून सुटली की सरळ खाली पडते. अधिक अन्न द्यावे तर बी दूर जात नाही आणि दूर पाठवावी तर अन्न कमी द्यावे लागते. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत.

या ओढाताणीतून बियांच्या वजनात केवढी तफावत निर्माण झाली आहे ते पाहा. काही आमरींची, म्हणजे ऑर्किडची, बी सुमारे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग एवढीच भरते. तिच्यात शिदोरी जवळजवळ नसतेच. जमिनीत किंवा झाडाच्या सालीवर योग्य जातीची बुरशी भेटली आणि तिने अन्न पुरवले तरच ती रुजते. दुसऱ्या टोकाला सेशेल्स बेटांवरील दर्याचा नारळ आहे. त्याची एक बी २० किलोग्रॅमपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक भरते. भागाकार करून पाहा : दर्याचा नारळ आमरीच्या बीपेक्षा सुमारे २,००० कोटी पट जड आहे!

आता या दोन टोकांच्या मध्ये वनस्पतींनी कोणकोणते मार्ग काढले ते क्रमाने पाहू.

पडण्याचा वेग लांबवा

सारख्या आकाराचे दोन कागद घ्या. एकाचा चुरगळून गोळा करा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. वजन तेच असूनही गोळा आधी पडतो. सपाट कागदाला हवेचा रोध अधिक होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो तसा हवेचा रोधही वाढत जातो. रोध वजनाइतका झाला की वेग वाढणे थांबते आणि वस्तू त्याच वेगाने खाली येत राहते. या वेगाला अंतिम वेग म्हणतात. रोध हा सामान्यतः वस्तूच्या आडव्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून अंतिम वेग हा वजनाला क्षेत्रफळाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतो. बीला अंतिम वेग कमी करायचा असेल तर दोनच उपाय आहेत : वजन घटवणे किंवा वजन न वाढवता क्षेत्रफळ वाढवणे.

नुसते लहान होण्यानेही फायदा होतो. एक सेंमी. बाजूच्या घनाचे घनफळ १ घन सेंमी. आणि पृष्ठफळ ६ चौरस सेंमी. असते, गुणोत्तर ६. एक मिमी. बाजूच्या घनाचे घनफळ ०.००१ घन सेंमी. आणि पृष्ठफळ ०.०६ चौरस सेंमी.; गुणोत्तर ६०. लांबी दहापट कमी झाली की वजनाच्या मानाने पृष्ठफळ दहापट वाढते.

पडण्याचा वेग कमी झाल्याने किती लाभ होतो? समजा, वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११ किमी. वेगाने वाहत आहे आणि बी १० मीटर उंचीवरून सुटली. बी कमी वेळ हवेत राहिली तर वारा तिला कमी अंतर नेईल. म्हणून,

अंतर = उंची × वाऱ्याचा वेग ÷ पडण्याचा वेग.

निंबोळीसारखे जड फळ १० मीटर पडायला सुमारे दीड सेकंद घेईल. वाऱ्याने त्याला पूर्णपणे आपल्याबरोबर नेले असे मानले तरी ते साडेचार मीटरच्या पलीकडे जाणार नाही. पंख असलेली बी सेकंदाला १ मीटर वेगाने उतरत असेल तर ती १० सेकंद हवेत राहील आणि ३० मीटर जाईल. केसांचा झुबका असलेली बी सेकंदाला ०.३ मीटर वेगाने उतरत असेल तर ती ३३ सेकंद तरंगेल आणि १०० मीटर जाईल.

म्हातारीचे केस

उन्हाळ्यात हवेत तरंगत येणारी ‘म्हातारी’ पकडण्यासाठी तुम्ही नक्कीच धावला असाल. ही म्हातारी म्हणजे बहुधा रुईची बी असते. चपट्या तपकिरी बीच्या टोकाला रेशमासारख्या पांढऱ्या केसांचा झुबका असतो. मैदानात सगळीकडे उगवणाऱ्या एकदांडीच्या फळालाही तसाच छोटा झुबका असतो. काटेसावरीच्या बिया तिच्या बोंडातील कापसात गुंतून वाऱ्याबरोबर जातात.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. छत्रीला भोके पडली तर ती छत्री काय कामाची? मग केसांच्या या छत्रीत एवढी मोकळी जागा असूनही ती हवा कशी अडवते? युरोपातील डँडेलियन नावाच्या रोपट्याचे फळ घेऊन एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी याचा अभ्यास केला आणि निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. या फळाच्या छत्रीत सुमारे १०० बारीक केस असतात आणि छत्रीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग मोकळाच असतो. एवढ्या लहान मापावर हवेचा चिकटपणा महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक केस आपल्या आजूबाजूची हवा ओढून धरतो, त्यामुळे दोन केसांमधून थोडीच हवा निसटते. ही निसटलेली हवा छत्रीच्या वरच्या बाजूला, छत्रीला न चिकटता, कडीच्या आकाराचा एक स्थिर भोवरा तयार करते. त्या भोवऱ्यामुळे छत्रीच्या वर दाब कमी होतो आणि तिचे खाली येणे मंदावते. सलग पडद्याची छत्री करायला जेवढे द्रव्य लागले असते त्याच्या लहानशा अंशात काम भागते.

रुईची फळे आणि सावरीची बोंडे ऐन उन्हाळ्यात का उकलतात, याचाही विचार करा. कोरड्या हवेने फळाची साल वाळते, आक्रसते आणि फुटते. त्याच उन्हाने जमीन तापते, जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. बी सेकंदाला ०.३ मीटर वेगाने उतरत असेल आणि हवा सेकंदाला १ मीटर वेगाने वर चढत असेल तर बी खाली येण्याऐवजी वरच जाईल. मग वरचे आपले सूत्र तोकडे पडते आणि बी शेकडो मीटर किंवा त्याहूनही दूर जाऊ शकते. फळ उघडणारे ऊनच बीला वर उचलते. पुढे महिन्या-दोन महिन्यांत पाऊस येऊन तिला रुजवतो.

गिरक्या आणि घसरण

केसांचा झुबका जड बीला पुरत नाही. तिला पंख लागतो. आपल्याकडे ऐन, अर्जुन, वावळ, बिबळा यांच्या फळांना आणि शेवगा, टेटू यांच्या बियांना पंख असतात. अनेक शहरांत रस्त्याच्या कडेला महोगनीची झाडे लावलेली आहेत. हे झाड मूळचे अमेरिकेतले. त्याचे लाकडासारखे कठीण फळ तडकते आणि पातळ तपकिरी पंखाच्या बिया बाहेर पडतात. एक बी उचलून उंचावर सोडा. क्षणभर ती सरळ पडते, मग गरगर फिरू लागते आणि सावकाश उतरते.

बीचे वजन पंखाच्या एका टोकाला असते आणि पंखाची एक कड जाड, दुसरी पातळ असते. या असमतोलामुळे हवा लागताच ती फिरू लागते. फिरणारा पंख स्वतः लहान असला तरी तो एक पूर्ण वर्तुळ झाडून काढतो. शिवाय, मेपल या झाडाच्या अशाच बियांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की फिरणाऱ्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा तयार होऊन तेथेच टिकून राहतो आणि पंखाला वर उचलणारे बल वाढवतो. कीटक व वटवाघळे पंख हलवताना याच प्रकारच्या भोवऱ्याचा उपयोग करून घेतात.

सगळ्याच पंखवाल्या बिया गिरक्या घेत नाहीत. जावा व आसपासच्या बेटांवरील जंगलांत काकडीच्या कुळातील एक उंच चढणारी वेल आढळते. तिच्या बीला दोन्ही बाजूंनी पारदर्शक पंख असून त्याचा विस्तार सुमारे १३ सेंमी. असतो. ही बी हवेत ग्लायडरप्रमाणे संथपणे घसरत जाते. इगो एट्रिख या संशोधकाने या बीचा आकार डोळ्यांपुढे ठेवून आधी ग्लायडर बनवले आणि १९१० साली ‘टाउबे’ नावाचे विमान उडवले. टाउबे म्हणजे जर्मन भाषेत कबूतर. पण त्याचे पंख बीवरून घेतलेले होते!

साठवलेली ताकद

वाऱ्याची वाट न पाहता बी स्वतःच फेकणाऱ्या वनस्पतीही आहेत. तेरड्याचे पिकलेले बोंड बोटाने हलकेच दाबा. साल फुटून तिच्या पट्ट्या झटक्यात आत गुंडाळल्या जातात आणि बिया चहूकडे उडतात. स्नायू नसताना ही ताकद आली कोठून? बोंडाच्या सालीतील पेशी पाणी शोषून फुगतात. साल सांध्यांनी जोडलेली असल्यामुळे तिला मोकळे होता येत नाही आणि ताण साठत जातो. गलोलीचे रबर आपण सावकाश ताणतो आणि क्षणात सोडतो, तसाच हा प्रकार. कित्येक दिवसांत जमा झालेली ऊर्जा सेकंदाच्या अगदी लहान भागात मोकळी होते. उष्ण कटिबंधातील अमेरिकेत ‘सँडबॉक्स’ नावाचे एक झाड आहे. त्याचे फळ वाळले की मोठा आवाज होऊन फुटते आणि बिया ४५ मीटरपर्यंत फेकल्या गेल्याची नोंद आहे.

रुएलिया या जांभळ्या फुलांच्या झुडपाच्या वाळलेल्या शेंगा पाण्यात टाकून त्या फट्कन फुटताना पाहण्याचा खेळ अनेक मुले खेळतात. पाण्याने शेंगेचा सांधा सैल होतो आणि आतला ताण सुटतो. याच प्रजातीतील एका जातीचा अमेरिकेत अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिच्या चपट्या, चकतीसारख्या बिया सेकंदाला १० मीटरहून अधिक वेगाने सुटतात आणि सुटताना सेकंदाला १,६०० पर्यंत गिरक्या घेतात. एवढ्या गिरक्यांचा उपयोग काय? फिरणारा भोवरा आडवा पडत नाही, त्याचप्रमाणे फिरणारी चकतीही आपली दिशा बदलत नाही. ती हवेला आपली पातळ कड दाखवत पुढे जाते. त्यामुळे रोध कमी होतो आणि बी अधिक दूर जाते. म्हातारीला हवेचा रोध हवा असतो, रुएलियाला तो नको असतो. दोन्ही ठिकाणी हवेचे नियम मात्र तेच आहेत.

डोंगरावर फिरताना कुसळी गवताची कुसळे तुमच्या कपड्यांत घुसली असतील. या कुसळाचे काम प्रवास संपल्यावर सुरू होते. फळाच्या टोकाला टणक अणी असते आणि मागे लांब, पीळ पडलेले कुसळ. कुसळ भिजले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा पडतो. रात्रीच्या दवाने व दिवसाच्या उन्हाने असे होत राहते आणि अणी गिरमिटाप्रमाणे जमिनीत शिरते. अणीवरील केस मागच्या दिशेला झुकलेले असल्याने ती पुढे जाऊ शकते, मागे येत नाही. ज्याचा स्प्रिंगचा नियम तुम्ही शिकता त्या रॉबर्ट हूकने असेच पीळ पडणारे जंगली ओटचे कुसळ वापरून हवेतील आर्द्रता दाखवणारे उपकरण तयार केले होते आणि १६६५ साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याचे वर्णन केले होते.

समुद्रापलीकडे

एका झाडापासून दुसऱ्या शेतापर्यंत जाणे निराळे आणि समुद्र ओलांडणे निराळे. चार्ल्स डार्विनपुढे हा प्रश्न उभा होता. दूरच्या बेटांवर वनस्पती पोहोचल्या कशा? त्याने १८५५ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्या. २८ दिवसांनंतर त्यांपैकी ६४ प्रकारच्या बिया रुजल्या. थोड्या तर १३७ दिवसांनंतरही रुजल्या. पण जिवंत राहणे पुरेसे नाही, तरंगणेही जरूर आहे. ताज्या बिया लवकर बुडतात, वाळलेल्या फांद्यांना लागलेली फळे अधिक दिवस तरंगतात, असे त्याला आढळले. सर्व आकडे एकत्र करून त्याने अंदाज केला की १०० पैकी सुमारे १४ जातींच्या बिया २८ दिवस तरंगून नंतर रुजू शकतील. सागरी प्रवाहांचा सरासरी वेग दिवसाला ३३ मैल धरला तर या काळात त्या ९२४ मैल, म्हणजे सुमारे १,४९० किमी. जातील.

नारळ हा या प्रवासासाठी बांधलेला जणू तराफाच आहे. त्याच्या सोडणात हवा भरलेली असते, त्यामुळे एवढी मोठी शिदोरी घेऊनही तो तरंगतो. याउलट दर्याच्या नारळाची गोष्ट. त्याची पोकळ करवंटे मालदीव बेटांच्या आणि भारताच्या किनाऱ्याला लागत. हे झाड समुद्राच्या तळाशी वाढते, अशी लोकांची समजूत होती. फकिरांच्या हातातील काळे कमंडलू या करवंटीचे असते. झाडाचा खरा पत्ता १७६८ साली सेशेल्समधील प्रालँ बेटावर लागला. ताजे फळ इतके जड असते की ते पाण्यात बुडते. आतील गर्भ मरून गर कुजून गेला की मगच ते तरंगते. म्हणजे समुद्रातून जे फिरले ते रिकामे कवच होते. जगातील सर्वात मोठी शिदोरी असलेले हे झाड आपोआप वाढलेले असे फक्त सेशेल्समधील एक-दोन बेटांवर आढळते.

वारा आणि समुद्र यांची परीक्षा निसर्गानेच एकदा घेतली. १८८३ साली ऑगस्ट महिन्यात क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. बेटाचा मोठा भाग नाहीसा झाला आणि उरलेला तप्त राखेच्या जाड थराखाली गाडला गेला. जावा व सुमात्रा यांचे किनारे सुमारे ४० किमी. दूर. १८८४ च्या मे महिन्यात तेथे गेलेल्या फ्रेंच मोहिमेला एका चिमुकल्या कोळ्याखेरीज सजीव दिसला नाही. १८८६ साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ ट्रोब तेथे गेला तेव्हा त्याला दोन डझनांच्या आसपास जातींची झाडेझुडपे आढळली. किनाऱ्यावर समुद्राने आणलेल्या जाती होत्या. बेटाच्या आतील भागात मात्र मुख्यतः नेचे वाढत होते. त्यांच्या ११ जाती होत्या.

नेचेच पुढे का? नेच्यांना बी नसते, बीजाणू असतात. बीजाणूचा व्यास मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा धरला तर गणिताने त्याचा पडण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ सेंमी. येतो. वर चढणाऱ्या हवेबरोबर असा बीजाणू एक किलोमीटर उंच गेला तर खाली यायला त्याला साडेपाच तास लागतील. तेवढ्या वेळात ताशी १८ किमी. वेगाचा वारा त्याला १०० किमी. नेईल. चाळीस किलोमीटरचा समुद्र त्याच्या दृष्टीने फार नव्हे!

भाड्याचे वाहन

शिदोरी मोठी हवी आणि दूरही जायचे आहे, तर एक मार्ग उरतो : दुसऱ्याच्या पाठीवर किंवा पोटात बसून जाणे. आघाड्याची फळे आकड्यांनी कपड्याला चिकटतात, ती फुकटचा प्रवास करतात. अशाच आकड्यांच्या फळांवरून स्वित्झर्लंडमधील जॉर्ज दी मेस्ट्राल या अभियंत्याला चिकटपट्टीची, म्हणजे वेल्क्रोची कल्पना सुचली. १९५५ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. एरंडाच्या बीच्या टोकाला एक लहान मांसल गाठ असते. मुंग्या ती खाण्यासाठी बी ओढून नेतात.

बहुतेक झाडे मात्र रीतसर भाडे देतात. फळाचा गोड गर हे ते भाडे. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि बिया दूर जाऊन पडतात. वड-पिंपळाची बारीक बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत जाऊन रुजते, हे तुम्ही रोज पाहता. सह्याद्रीच्या जंगलात रानजायफळासारख्या झाडांची बी मोठी असते. ती लहान पक्ष्याच्या घशातून उतरत नाही. धनेश पक्षी असे फळ गिळतो, उडून दुसरीकडे जातो आणि बी ओकून टाकतो. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही युक्तीने एवढी जड बी वाऱ्यावर तरंगवता आली नसती. धनेशाच्या पंखांवर ती काही मिनिटांत डोंगर ओलांडते.

पण भाड्याच्या वाहनावर अवलंबून राहण्यात धोका आहे. वारा संपत नाही, पक्षी संपू शकतो. धनेशाला घरट्यासाठी मोठी ढोली असलेले जुने झाड लागते. अशी झाडे तोडली गेली की धनेश जातो. रानजायफळ त्या दिवशी मरत नाही. ते पुढेही पुष्कळ वर्षे फुलते, फळते. फक्त त्याची फळे त्याच्याच सावलीत पडू लागतात. सुरुवातीला आपण कडुनिंबाखाली जी रोपे मोजली त्यांच्यासारखी या रोपांची गत होते. जंगल वरून हिरवे दिसत राहते, पण पुढची पिढी तयार होत नाही.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. पृथ्वीचे तापमान वाढत आहे. आपल्याला मानवणारे हवामान जिकडे सरकेल तिकडे, म्हणजे डोंगरावर वर किंवा ध्रुवांच्या दिशेला, वनस्पतींना सरकले पाहिजे. आणि सरकायचे ते बीच्याच रूपाने. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, पक्षी व सस्तन प्राणी घटल्यामुळे प्राण्यांकडून पसरणाऱ्या वनस्पतींची हवामानाबरोबर सरकण्याची क्षमता जगभरात सरासरी ६० टक्क्यांनी कमी झाली आहे.

माणूसही बियांचे एक वाहन आहे, हे शेवटी ध्यानात घ्या. आपण मुद्दाम नेलेल्या बियांपेक्षा नकळत नेलेल्या बियांचा परिणाम कधी कधी मोठा असतो. अमेरिकेतील गाजरगवत पुण्यात १९५५ साली उगवलेले दिसले. नंतर धान्य, माती, वाहने व वाहते पाणी यांच्याबरोबर त्याची हलकी बी जवळजवळ देशभर गेली. शेतकऱ्याला त्याचा किती उपद्रव होतो हे खेड्यातील मुलांना सांगायला नको. धनेश हरवला म्हणून काही बिया जागच्या जागी अडकल्या आहेत आणि मालमोटारी वाढल्या म्हणून काही बिया नको तेथे पोहोचल्या आहेत. दोन्हींकडे बीच्या प्रवासाची नोंद ठेवणे हे काम तुमच्यासारख्या निरीक्षकांनाही करता येण्याजोगे आहे. त्याची सुरुवात पुढील प्रयोगांनी करा.

करून पाहा

१. पंखा बंद करून, खिडक्या लावून घेऊन रुईची म्हातारी दोन मीटर उंचीवरून सोडा. शेवटचे एक मीटर अंतर कापायला किती वेळ लागतो तो मोजा. पाच वेळा मोजून सरासरी काढा व अंतिम वेग ठरवा. नंतर निम्मे केस कात्रीने कापून पुन्हा मोजा. वेग दुप्पट होतो का?

२. १२ सेंमी. लांब व ४ सेंमी. रुंद कागदाची पट्टी घ्या. एका टोकापासून मध्यापर्यंत उभी कापून दोन पाती विरुद्ध दिशांना दुमडा. दुसऱ्या टोकाला कागदाला लावायची टाचणी अडकवा. ही ‘बी’ उंचावरून सोडा. दोन टाचण्या लावल्यास पडण्याचा वेळ कसा बदलतो? पाती आखूड केल्यास काय होते?

३. कुसळी गवताचे फळ अणीच्या बाजूने मातीच्या गोळ्यात उभे रोवा. कुसळावर पाण्याचा एक थेंब टाका. किती वेढे सुटतात ते मोजा. वाळताना ते कोणत्या दिशेने फिरते?

४. गणित : महोगनीची बी १२ मीटर उंचीवरून सुटली, पडण्याचा वेग सेकंदाला १ मीटर आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर आहे. बी किती दूर पडेल? बीचा आकार तोच ठेवून तिची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर वजन किती पट आणि क्षेत्रफळ किती पट होईल? मग पडण्याचा वेग व अंतर यांत काय फरक पडेल?

५. शाळेच्या परिसरातील दहा झाडे निवडा. प्रत्येकाची बी वाऱ्याने, पाण्याने, प्राण्यांनी की स्वतःच्या ताकदीने पसरते ते ठरवा. प्राण्यांनी पसरत असेल तर तो प्राणी किंवा पक्षी तुमच्या परिसरात आज दिसतो का, हेही पुढच्या रकान्यात लिहा.